हिल्दोचे नऊ धर्मबाप

सान रोके गावात १९१३ सालच्या सुरुवातीला घोडागाड्या एकूण एकोणीस होत्या. त्यातल्या चौदा मँग दोरोच्या, चार मेलेसिओ आराम्बुलोच्या आणि एक चर्चची. चर्चच्या गाडीचा घोडा मरून सहा वर्षं झाली होती आणि तिच्यात पाद्रीबाबांच्या कोंबड्या अंडी घालत, त्यामुळे ती मोजायची की नाही यावर मतभेद होते. मेलेसिओ ती मोजत असे. तसं केलं की दोरोच्या चौदा आणि इतरांच्या पाच असं म्हणता येई, आणि ते कानाला जरा बरं वाटे.

गावापासून पालाकाचं रेल्वे स्टेशन सतरा किलोमीटर. वाटेत दोन ओढे आणि एक लांबलचक चढ. मेलेसिओनं खिशातल्या घड्याळावर पाच वेळा मोजून पाहिलं होतं: घोड्याला सरासरी दोन तास चाळीस मिनिटं लागतात, आणि त्यातली पंचवीस मिनिटं घोडा नुसता उभा असतो. ही पंचवीस मिनिटं त्याच्या मनाला लागून राहिली. वय चव्वेचाळीस, पोट बेताचं, गावातले अर्धे लोक त्याला डॉन मेलेसिओ म्हणत आणि उरलेले अर्धे नुसतं मँग मेले, म्हणजे मेलेकाका. ते उरलेले अर्धे लोक पुढच्या पाच वर्षांत डॉन म्हणायला लागावेत एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती.

म्हणून त्यानं चारही गाड्या आणि आठ घोडे विकले आणि मनिलाहून एका साखर कारखान्याचा जुना मोटार-ट्रक आणला. ट्रक म्हणजे नुसता सांगाडा. इंजिन, चार चाकं, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला फळी. वरचा सगळा डोलारा गावात बांधायचा होता. गावात सुतार एकच, मँग हुल्यान, आणि त्यानं आयुष्यभर दोनच वस्तू केल्या होत्या: चर्चमधल्या वेद्या आणि शवपेट्या. त्याला सांगितलं, अठ्ठावीस माणसं बसतील असं काहीतरी कर. त्यानं दीड महिन्यात जे केलं त्याला चार कोरीव खांब होते, खांबांवर द्राक्षांचे वेल होते, आणि आतली बाकं अशी होती की बसल्यावर माणसाचे हात आपोआप छातीवर घडी व्हायचे. वजन इतकं वाढलं की मागची चाकं जरा फाकल्यासारखी दिसू लागली.

सल्ले फुकट मिळत होते. शेजारच्या आलिंग तिनांगचं, म्हणजे तिनांगमावशीचं, म्हणणं, इंजिनात साधं पाणी घालू नका, शहाळ्याचं घाला, ते उष्णतेवर चांगलं. शाळामास्तरांनी वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून समोरची काच काढायला सुचवलं; काच बसवलेलीच नव्हती हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मेलेसिओचा मेहुणा पासिफिको सुक्या मासळीचं आणि रॉकेलचं दुकान चालवायचा. त्यानं सल्ला वगैरे दिला नाही. तो फक्त दर रविवारी जेवायला यायचा आणि जाताना सांगायचा, "भावजी, दुकानात तराजूपाशी एक जागा मी मोकळी ठेवलीय. घाई काही नाही." मासळीच्या वासात मेहुण्याच्या हाताखाली बसणं काय असतं हे मेलेसिओ मनात अगदी बारकाईनं पाहू शकत असे, आणि म्हणून रविवारी त्याला जेवण जायचं नाही. मोटार चालली नाही तर दुसरा काही मार्ग नव्हता. घोडे विकलेले होते. ते दोरोनंच घेतले होते, तेही हसत.

परवान्यासाठी तो प्रांताच्या कचेरीत गेला. तिथला अर्ज घोडागाड्यांसाठी छापलेला होता. मेलेसिओनं कारकुनाला समजावलं की ही गाडी घोड्याशिवाय चालते. कारकून म्हणाला, असेल, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग जनावराचा रंग: हिरवा. वय: नक्की माहीत नाही, अंगानं थोराड. स्वभाव: पहाटे अडतो. एवढ्यावर भागलं असतं, पण आठव्या रकान्यात जनावराला नाकाचा संसर्गजन्य रोग नसल्याचा गुरांच्या डॉक्टरचा दाखला मागितला होता. गुरांचा डॉक्टर हा अत्यंत प्रामाणिक माणूस. न बघता सही करणार नाही म्हणून तो स्वतःच्या खर्चानं सान रोकेला आला, इंजिनाचं झाकण उघडायला लावलं, रेडिएटरखाली हात धरून दोन मिनिटं उभा राहिला आणि लिहून दिलं: 'पुढून पाणी गळते. पाणी गरम, वास नाही. संसर्गजन्य वाटत नाही.' त्या कागदावर परवाना मिळाला.

पण तो तीन महिन्यांचा, कच्चा. तीन महिन्यांनी निरीक्षक येणार, स्वतः प्रवास करणार आणि दोन गोष्टी बघणार: एक, उतारू माणशी पैसे देतात का, दोन, मालकाच्या नात्यागोत्याबाहेरची माणसं गाडीत बसतात का. दोन्हींचं उत्तर होय असेल तर वाहन सार्वजनिक आणि परवाना पक्का. नाहीतर ती मालकाची घरची गाडी, आणि घरच्या गाडीला भाडं घ्यायची परवानगी नाही. मेलेसिओला अटी वाचून हसू आलं. मोटारीत पैसे देऊन परकी माणसं बसणार नाहीत तर कोण बसणार?

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची चूक मात्र त्यानं स्वतः केली, आणि ती इतकी विचारपूर्वक केली की त्याला कोणी दोषही देऊ शकलं नसतं.

नवी वस्तू आली की पाद्रीबाबांकडून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, हे गावात सगळेच करत. घर असो, होडी असो, भाताची गिरणी असो. त्या वेळी मुलाच्या बारशासारखा एखादा धर्मबाप उभा करायचा, म्हणजे कार्याला शोभा येते. ट्रक आगगाडीतून उतरला तो दिवस संत एर्मेनेहिल्दोचा होता, त्यामुळे नाव तेच ठरलं. कोणाला ते पुरतं म्हणता येईना, म्हणून हिल्दो. आता धर्मबाप कोणाला करायचं यावर मेलेसिओ तीन दिवस कागद घेऊन बसला. सान रोकेच्या वाड्या नऊ. प्रत्येक वाडीत एक घर असं, की ते जिकडे जाईल तिकडे वाडी जाते. त्यानं विचार केला, एकच धर्मबाप कशाला? नऊ वाड्यांतली नऊ जोडपी घेऊ. नऊ धर्मबाप, नऊ धर्मआया. मुलाचा बाप आणि धर्मबाप म्हणजे एकमेकांचे कुंपारे, सख्ख्या भावापेक्षा वरचढ. बायका तशाच कुमारे. कुंपारेची मोटार असताना दोरोच्या घोडागाडीत कोण बसेल? घरटी सात माणसं धरली तर त्रेसष्ट गिऱ्हाइकं पहिल्याच दिवशी पक्की.

पाद्रीबाबा म्हणाले, "चर्चच्या मोठ्या घंटेला एक धर्मबाप होता, मेलेसिओ."

"घंटा एका जागी असते, बाबा. ही नऊ वाड्यांतून फिरणार."

बाबांनी पाणी शिंपडलं. नऊ जोडप्यांनी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवले, झाकण तापलेलं असल्यामुळे लगेच काढले, आणि एक डुक्कर भाजून सगळे जेवले. दोरोला बोलावणं नव्हतं. तो रस्त्याच्या पलीकडे आपल्या घोडागाडीत बसून सगळा सोहळा बघत होता. कोणीतरी त्याला ताट नेऊन दिलं ते त्यानं घोड्याला दाखवलं आणि परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला हिल्दो पहिल्या फेरीला निघाला. चाकावर मँग बास्त्यान होता. तो बारा वर्षं किनाऱ्यावरच्या आगबोटीत इंजिनाला तेल घालायचं काम करत होता, त्यामुळे वळण आलं की तो 'सुकाणू डावीकडे' असं मोठ्यानं स्वतःलाच सांगायचा आणि थांबल्यावर चाकाखाली दगड घालताना 'नांगर पडला' म्हणायचा. मेलेसिओ पायरीशी उभा होता, हातात तिकिटांचं पुस्तक. एक हजार तिकिटं, गुलाबी, मनिलाला छापलेली. भाडं वीस सेंताव्हो, म्हणजे पेसोचा पाचवा हिस्सा.

सगळ्यांत आधी आला पुतोल वाडीचा कुंपारे आंदोय. भला मोठा माणूस, वाडीचा म्होरक्या, त्याच्यामागे बायको, सासू आणि चार मुलं. पायरीवर पाय ठेवून त्यानं हात खिशाकडे न्यायला सुरुवात केली. त्या हाताचा वेग हा खरा प्रश्न होता. माणसाचा हात कमरेपासून खिशात जायला एक सेकंद पुरतो. आंदोयचा हात आधी पोटावर टेकला, मग पट्ट्यावर थांबला, मग खिशाच्या कडेशी जाऊन तिथेच घोटाळला. इतक्या वेळात चांगल्या घरात वाढलेल्या कोणत्याही माणसानं जे केलं असतं तेच मेलेसिओनं केलं. तो म्हणाला, "कशाला, कुंपारे."

आंदोयचा हात खूप जलद परत आला. "बरं, तू म्हणतोस तर," तो म्हणाला आणि सासूला हात देऊन वर चढवलं.

मागे उभ्या असलेल्या कुंपारे लोकांनी हे पाहिलं. त्यांचे हात खिशाच्या दिशेनं निघालेसुद्धा नाहीत.

इथे कोणी विचारेल की दुसऱ्या दिवशी का मागितले नाहीत. त्याला एवढंच सांगता येईल, की मेलेसिओच्या आजोबांनी एकदा आपल्या कुंपारेकडे एका डुकराची किंमत मागितली होती. ते साल होतं १८६१. आजही लांबच्या वाडीतली म्हातारी माणसं आराम्बुलो म्हटलं की जरा विचार करतात आणि मग म्हणतात, "हां, ते डुकराचे." एक डुक्कर बावन्न वर्षं पुरलं. वीस सेंताव्हो किती वर्षं पुरले असते?

हिल्दो रोज भरून जायचा. मेलेसिओचं गणित एका बाजूनं शंभर टक्के बरोबर होतं: दोरोच्या घोडागाड्या स्टेशनच्या रस्त्यावर दिसेनाशा झाल्या. कुंपारे यायचे, त्यांच्या आया यायच्या, आयांच्या मैत्रिणी यायच्या. आंदोयच्या सासूला काही काम नव्हतं. ती वाऱ्यासाठी जाऊन यायची. कुंपारे सेल्योचे दोन झुंजीचे कोंबडे रविवारी बाकावर बसून जायचे आणि संध्याकाळी त्यातला एकच परत यायचा. पैसे देणारी परकी माणसं आलीच तर त्यांना जागा मिळत नसे. दोन महिन्यांत तीन गुलाबी तिकिटं फाटली: एक टोपीविक्या, एक रस्ता चुकलेला मोजणीदार, आणि एक दारू प्यालेला माणूस, ज्याला आपण घोडागाडीत बसलोय असं वाटत होतं.

मेलेसिओनं उपाय केले नाहीत असं नाही. त्यानं पायरीजवळ 'भाडे २० सेंताव्हो' अशी पाटी लावली. ती वाचून कुंपारे लोकांनी बाहेरच्यांना किती कमी भाडं ठेवलंय म्हणून त्याचं कौतुक केलं. त्यानं भाडं घ्यायला बास्त्यानला उभं केलं. बास्त्यान म्हणाला, बोटीवर असताना आपण फक्त तेल घालत होतो, वरच्या लोकांशी आपला संबंध नव्हता. शेवटी तो पाद्रीबाबांकडे गेला आणि आडून आडून विचारलं, की समजा एखाद्याला नऊपैकी आठ धर्मबाप कमी करायचे असतील तर?

"पाणी वाळलंय, मेलेसिओ," बाबा म्हणाले. "आता मी परत काय घेऊ?"

निरीक्षक यायला पाच दिवस राहिले आणि पेट्रोल संपलं. ते मनिलाहून डब्यांतून यायचं आणि स्टेशनवरचा दुकानदार रोख मागायचा. घरात जे होतं ते आधीच्या डब्यांना गेलं होतं. रात्रभर पाऊस पडला होता, सकाळी हिल्दो दारात चिखलात उभा होता, आणि साडेपाचला नेहमीप्रमाणे कुंपारे येऊन आत बसले. सात कुंपारे, त्यांची कुटुंबं आणि गोणीत एक डुकराचं पिल्लू. बास्त्यान टोपी घालून चाकावर बसला, पण त्यानं काहीच सांगितलं नाही, कारण बोटीवर कोळसा संपला हे उतारूंना सांगायचं काम त्याचं नव्हतं.

मेलेसिओ आत अंथरुणावर होता. कपाळावर ओली पट्टी. त्यानं बायकोला, साबिनाला, सांगितलं, "मी आजारी आहे असं सांग. सगळ्यांना परत पाठव."

"काय झालंय म्हणून सांगू?"

"काहीही सांग. नाकाचा रोग सांग."

साबिना बाहेर गेली ती खरंच हे सांगायला. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे तिनं नंतर पाद्रीबाबांपुढेही कबूल केलं. पण ती पायरीशी पोचते तोच आंदोयनं आतून डोकं बाहेर काढलं आणि प्रेमानं म्हणाला, "कुमारे, उशीर होतोय हो. पोराला उठवा की."

साबिना थांबली. रोज पहाटे चारला उठून ह्या सगळ्यांना कॉफी करून द्यायला लागल्याला अडीच महिने झाले होते.

"पोर उठणार नाही," ती म्हणाली. "पोर उपाशी आहे."

गाडीतली डोकी एकेक करून बाहेर आली.

"कालपासून पोटात थेंब नाही त्याच्या. नऊ धर्मबाप असून. नऊ धर्मआया असून. कुंपारे आंदोय, तुमच्या त्या सुकट्या भाच्याचा धर्मबाप कोण? तुम्हीच ना? नाताळला त्याला चांदीचा चमचा दिलात, बूट दिलेत, दाढदुखी झाली तर कोंबडी घेऊन गेलात. ह्याला काय दिलंत? ह्याच्या अंगाखांद्यावर सासूसकट बसता, कधी विचारलंत, बाळा, जेवलास का? मी म्हणते, कुंपारेकडे पैसे मागू नयेत. नकोच आम्हाला. पण धर्माच्या लेकराला भेटायला रिकाम्या हातानं येतं का हो कोणी?"

मेलेसिओनं शिंपल्याच्या तावदानांच्या खिडकीआड हे ऐकलं. त्याला पुढची बावन्न वर्षं स्पष्ट दिसली. डुकराचे गेले, आता पेट्रोलचे. तो पट्टीसकट, अनवाणी, धावत बाहेर आला. "राहू द्या हो, राहू द्या," तो म्हणाला, "कशाला, कुंपा—" आणि साबिनानं आपली लाकडी चप्पल त्याच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवली. ठेवली आणि सगळा भार तिकडे दिला.

मेलेसिओचं वाक्य तिथेच राहिलं.

आंदोय खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते. तो हिल्दोच्या तोंडापाशी गेला, झाकणावर हात ठेवला, आणि दुसरा हात खिशात घातला. या वेळी एक सेकंदसुद्धा लागला नाही. त्यानं एक पेसो काढला आणि सगळ्यांना दिसेल असा झाकणावर ठेवला. "मला कोणी सांगितलं नाही," तो पुटपुटला. "पोर बोलत नाही. आपल्याला कसं कळणार?" त्यावर सेल्योला एक पेसो पंचवीस काढावा लागला, कारण त्याची आणि आंदोयची चुरस जुनी होती. मग बायका उतरल्या. धर्मआयांनी आपसांत ठरवलं की गेल्या अडीच महिन्यांचंही बघायला हवं. दुपारपर्यंत पेट्रोलचे सहा डबे आले, आणि आलिंग तिनांगनं कोणी मागितलं नसताना एक घडा शहाळ्याचं पाणी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून पायरीशी बिस्किटांचा रिकामा डबा टांगला. कोणी काही म्हणत नसे. चढताना जो तो पोरासाठी काहीतरी टाकी, आणि मागचे बघत असल्यामुळे ते वीस सेंताव्होंपेक्षा कमी नसे. आंदोयच्या सासूनं वाऱ्यासाठी जाणं बंद केलं. मेलेसिओला चार दिवस बरी झोप लागली. पाचव्या पहाटे तो दचकून उठला आणि म्हणाला, "दुसरी अट."

"कुठली दुसरी?"

"नात्याबाहेरची माणसं. साबिना, गाडीत नात्याबाहेरचं एकही माणूस नसतं."

आता वेळ नव्हता. निरीक्षक सेन्योर अब्रेनिका आदल्या संध्याकाळीच येऊन शाळामास्तरांकडे उतरले होते. बारीक अंगाचे, सर्दी झालेले गृहस्थ, बरोबर मोजपट्टी. साडेपाचला ते बास्त्यानच्या शेजारी बसले आणि त्यांनी वही उघडली. मागे सव्वीस माणसं होती, सगळी घरची. नऊच्या नऊ धर्मबाप पोराची परीक्षा म्हणून ठेवणीतले कपडे घालून आले होते. मेलेसिओ रस्त्याकडे डोळे लावून होता. एखादा टोपीविक्या, एखादा दारुड्या, कोणीही.

आणि रस्त्यावरून मँग दोरो आला. पांढरा, खळ घातलेला सूट, हातात वेताची काठी. निकाल त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता आणि निकाल स्टेशनवर लागणार होता. घोडागाडीनं पोचेपर्यंत तो शिळा झाला असता. तो पायरी चढू लागला. मेलेसिओ नुसता बघत राहिला. साबिना मात्र मधे उभी राहिली.

"वीस सेंताव्हो, मँग दोरो."

"ह्यांनी दिले?"

"हे त्याचे धर्मबाप. तुम्ही त्याचे कोण?"

"मी?" दोरो म्हणाला. "कोणी नाही. देव करो आणि कधी नसो." त्यानं नाणं दिलं. साबिनानं चौथं गुलाबी तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं. त्याला मागच्या कोपऱ्यात, गोणीतल्या एका डुकराच्या पिल्लाशेजारी, जागा मिळाली.

दोन्ही ओढे नीट पार पडले. लांब चढावर चिखल होता आणि अर्ध्यावर हिल्दो दमला. हे रोजचंच. नऊ धर्मबाप ठेवणीतल्या कपड्यांनिशी उतरले, मेलेसिओ उतरला, साबिना आणि बाकीच्या बायका उतरल्या आणि सगळ्यांनी मागून खांदा लावला. दोरो उतरला नाही. त्याला दोनदा सांगून पाहिलं. "मी भाडं दिलंय," तो आतून म्हणाला. "भाडं देणारा ढकलत नाही." सेन्योर अब्रेनिकांनी मागे वळून पाहिलं, पण खांबाआड कोण बोललं ते त्यांना दिसलं नाही; त्यांनी वहीत फक्त चिखलाची नोंद केली. एक तास बारा मिनिटांत गाडी पालाकाला पोचली. बास्त्याननं नांगर टाकला.

मग निरीक्षक एकेकाला विचारू लागले. पहिला आंदोय.

"भाडं दिलंत?"

"भाडं?" आंदोय दुखावला. "कुंपारेला भाडं देतो की काय मी? काय समजलात?"

मेलेसिओनं डोळे मिटले.

"म्हणजे फुकट?"

"फुकट बसायला मी भिकारी आहे? पोराच्या डब्यात टाकले. पन्नास."

निरीक्षकांनी नाक पुसलं. डबा उघडला, माणसं मोजली, नाणी मोजली. असा रकाना वहीत नव्हता, पण 'माणशी पैसे येतात' एवढं त्यांना मान्य करावं लागलं. मग दुसरा प्रश्न. मालकाशी नातं? कुंपारे. कुमारे. कुंपारे. कुंपारेची सासू. कुमारेची बहीण. कुंपारेच्या कुंपारेचा मुलगा. सगळ्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, कारण परीक्षेला आपण हजर होतो हे लेखी राहणार होतं. पंचवीस झाले, सव्वीस झाले. निरीक्षकांनी वही मिटली.

"सेन्योर आराम्बुलो," ते सर्दीच्या आवाजात म्हणाले, "मला वाईट वाटतं. ही तुमची घरची गाडी आहे."

दोरोकडे बोट दाखवावं, तर तो आपल्या बाजूनं कशाला बोलेल, असं मेलेसिओला वाटलं. मासळीचा वास त्याला इथपर्यंत आला. साबिनानं त्याची बाही धरली. तेवढ्यात गर्दीतून काठी पुढे आली, आणि काठीमागून दोरो. कोपऱ्यातून त्याला बाहेर यायला वेळ लागला होता. सुटाच्या गुडघ्यावर पिल्लानं केलेला डाग होता. निकाल त्याला ऐकू आलाच नव्हता.

"आधी माझी तक्रार लिहा," तो म्हणाला. "मग काय तो निकाल द्या. मी वीस सेंताव्हो मोजलेत. बसायला कोपरा दिला. पायावर डुक्कर. चढावर मला, मला, ढकलायला सांगितलं. ही गाडी आहे की शिक्षा?"

निरीक्षकांनी हळूच वही उघडली. "आपण मालकाचे कोण?"

"कोणी नाही."

"लांबचं नातं? बायकोकडून? बारशाला, लग्नाला कधी..."

"अहो, बोलावलंसुद्धा नव्हतं," दोरो कडाडला. "ह्या माणसाचा आणि माझा काडीचा संबंध नाही. नव्हता आणि नसणार. हवं तर चर्चमध्ये शपथ घेतो."

"आणि भाडं दिल्याचा काही पुरावा?"

दोरोनं गुलाबी तिकीट त्यांच्या नाकासमोर धरलं. निरीक्षकांनी ते घेतलं, उलटून पाहिलं, वहीत चिकटवलं. "तक्रार स्वतःच्या हातानं लिहून सही कराल?" त्यांनी विचारलं. दोरोनं गाडीच्या झाकणावर कागद ठेवून अर्धं पान लिहिलं. नाव, धंदा, पत्ता, मालकाशी संबंध नाही, भाडे पूर्ण दिले, आणि सही, खाली दोन रेघा ओढून.

निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं. मग ते म्हणाले, की घरच्या गाडीबद्दल कोणी तक्रार करत नाही, ती फक्त सार्वजनिक वाहनाचीच करता येते. आणि नात्याबाहेरचा, पैसे दिलेला, तक्रार असूनही गाडीत बसलेला उतारू याहून सबळ पुरावा त्यांच्या नोकरीत त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि पक्क्या परवान्यावर मारला.

दोरोला काय झालं हे कळायला थोडा वेळ लागला. कुंपारे लोकांना लगेच कळलं. आंदोयनं हिल्दोला मिठी मारली. मेलेसिओ हात पसरून दोरोकडे निघाला. तोंडातून "कुं" एवढं बाहेर पडलंही होतं. साबिनानं बाही सोडली नव्हती. तिनं त्याला जागीच मागे ओढलं.

"ह्याला तरी सोड," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गावात हा एवढा एकच परका उरलाय आपल्याला."

परतीच्या वेळी दोरोनं आजूबाजूला पाहिलं. त्याची एकही घोडागाडी अडीच महिन्यांत इकडे फिरकली नव्हती. तो पायरीशी आला आणि नाणं पुढे केलं. साबिनानं पाचवं तिकीट फाडलं. यावेळी त्याला पुढची जागा दिली, पिल्लू दुसरीकडे हलवलं.

येताना चढ उलट्या बाजूनं लागतो आणि तोही काही कमी नाही. हिल्दो अर्ध्यावर थांबला. सगळे उतरले, सगळ्यांनी खांदा लावला. मेलेसिओ मधोमध होता, गुडघ्यापर्यंत चिखलात, शर्ट पाठीला चिकटलेला. ढकलता ढकलता त्यानं मान वर केली. गाडीत द्राक्षांच्या वेलांखाली मँग दोरो एकटाच बसला होता, कपाळाला आठ्या, हातांची छातीवर आपोआप घडी, आणि दोन बोटांत गुलाबी तिकीट. इतकं सुंदर दृश्य मेलेसिओनं मोटार आणल्यापासून पाहिलं नव्हतं. "जोर लावा," तो कुंपारे लोकांना म्हणाला. "हळू, पण. उतारूला धक्के बसतील."